ओझोन किती आणि किती उंचीवर : पुणे वेधशाळेच्या मापनकार्याचा इतिहास

१९२८ साली भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची मनोऱ्याची इमारत पुणेकरांच्या तोंडी 'शिमला ऑफिस' झाली ती तेव्हापासून. योगायोग असा, की त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी वातावरणातला ओझोन मोजण्याची आपली उपकरणे दूरदूरच्या देशांत धाडली. चिलीतले मोन्तेसुमा, कॅलिफोर्नियातले टेबल माउंटन, इजिप्तमधले हेल्वान, न्यूझीलंडमधले ख्राइस्टचर्च आणि आपले कोडाईकनाल ही ती ठिकाणे. कोडाईकनालची सौर वेधशाळा त्या काळी हवामान विभागाच्याच अखत्यारीत होती. म्हणजे या देशात ओझोनमापन सुरू झाले ते विभागाच्याच छपराखाली. १५ जानेवारी २०२५ रोजी विभागाच्या स्थापनेला दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने पर्जन्यमान, चक्रीवादळे, मोसमी पावसाचे अंदाज यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. पुण्यात झालेल्या ओझोनच्या कामाविषयी मात्र फार थोड्यांना माहिती आहे. ते काम सविस्तर नोंदवून ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांनीच व्यापलेला आहे. उरलेल्यात बहुतेक आर्गॉन. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, ओझोन यांच्या वाट्याला येते ते अगदी नगण्य प्रमाण. पण सूर्याचे घातक अतिनील किरण अडवणे आणि पृथ्वीची उष्णता धरून ठेवणे ही कामे याच नगण्य वायूंची. पुण्याच्या डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून शून्य अंश तापमानात, समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला, तर त्याचा थर जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भरेल. तज्ज्ञांच्या भाषेत सुमारे २७० डॉब्सन एकक. युरोपात वसंत ऋतूत हाच आकडा ४०० च्या आसपास जातो.

कोडाईकनालच्या पहिल्या नोंदींनी याच फरकातला पेच समोर आणला. विषुववृत्ताजवळ ओझोन वर्षभर कमी, आणि त्यात चढउतारही फारसा नाही. वास्तविक सूर्यप्रकाश जिथे प्रखर, तिथेच ओझोन जास्त तयार व्हायला हवा. तयार होतो तिथे कमी आणि दूर उत्तरेला जास्त, हे कसे? १९४९ मध्ये ॲलन ब्रुअर यांनी आणि १९५६ मध्ये स्वतः डॉब्सन यांनी त्याचे उत्तर मांडले : उष्ण कटिबंधातली हवा संथपणे वर चढते, स्थितांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातून, ध्रुवांकडे सरकते आणि तिकडे खाली उतरते. हे उत्तर पटवून घ्यायचे तर एकूण ओझोन किती, एवढे कळून भागत नाही. तो कोणत्या उंचीवर किती, हे कळावे लागते. पुण्याच्या वेधशाळेने पुढची अनेक दशके ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो हा.

त्याची पार्श्वभूमी आग्ऱ्याला तयार झाली होती. तिथल्या उपरिवायू वेधशाळेतून नोंदणी-उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडले जात. त्यांच्या नोंदींचा आणि जगभरच्या तशाच नोंदींचा मेळ घालून के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली 'नेचर'मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. पृथ्वीभोवतीचे सर्वांत थंड हवेचे पटल ध्रुवांवर नाही, ते विषुववृत्ताच्या वर, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर आहे. तिथे पारा उणे ८० अंशांच्याही खाली जातो. जमिनीवर सर्वांत उष्ण असलेल्या प्रदेशाच्या माथ्यावर सर्वांत थंड हवा! रामनाथन हे कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांच्याबरोबर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. १९२५ मध्ये ते हवामान विभागात आले आणि १९४८ मध्ये निवृत्त होईपर्यंत विभागातच राहिले.

ओझोनची उंची जमिनीवर उभे राहून मोजता येते, हे त्या काळात नुकतेच कळले होते. स्वित्झर्लंडच्या पॉल ग्योट्स यांना १९२९ मध्ये स्पिट्सबर्गेनला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सूर्य क्षितिजाकडे उतरत असताना डोक्यावरच्या आकाशातून येणाऱ्या दोन अतिनील तरंगलांबींच्या तीव्रतेचे गुणोत्तर आधी एका दिशेने बदलत जाते आणि सूर्य क्षितिजाला टेकण्याच्या बेतात असताना अचानक उलट फिरते. हे उलटे फिरणे ओझोन कोणत्या उंचीवर दाटला आहे यावर अवलंबून असते. या पद्धतीला 'उमकेर' म्हणतात. तीच वापरून ग्योट्स, मीथम आणि डॉब्सन यांनी आरोसा इथे दाखवले, की ओझोनचा दाट थर ४५-५० किलोमीटरवर असल्याची तोवरची समजूत चुकीची असून तो २२ किलोमीटरच्या आसपास आहे.

आता भारतावर तो कुठे आहे, हे पाहण्याचे काम रामनाथन आणि त्यांचे सहकारी करंदीकर यांनी अंगावर घेतले. दिल्ली आणि पुण्याच्या आकाशावर डॉब्सनचे उपकरण रोखून त्यांनी उमकेरच्या नोंदी घेतल्या. १९४९ मध्ये त्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक कमी अक्षांशांवरच्या ओझोनच्या उंचीनिहाय वाटणीवर होता. आपल्याकडचा दाट थर युरोपातल्यापेक्षा काही किलोमीटर वर असतो, हे या कामातून पुढे आले. दुसरा निबंध धूळ आणि धुरकट हवा यांमुळे डॉब्सन उपकरणाच्या वाचनात काय फरक पडतो यावर होता. मला या दुसऱ्या निबंधाचे मोल अधिक वाटते. युरोपातल्या स्वच्छ डोंगरी हवेत बसून हा प्रश्न कुणाला सुचला नसता. उत्तर भारतातल्या वैशाखाच्या धुळीत ज्यांनी प्रत्यक्ष उपकरण चालवले, त्यांनाच तो पडला आणि त्यांनीच तो सोडवायला घेतला. करंदीकरांचे नाव आज पुण्यातही सहसा कुणाला आठवत नाही, याची खंत वाटते.

विभागाचे त्याआधीच्या काळातले प्रमुख सर चार्ल्स नॉर्मंड यांचाही उल्लेख इथे करायला हवा. पुण्यात मुख्यालय आले तेव्हापासून १९४४ पर्यंत ते महासंचालक होते. निवृत्तीनंतर ते ऑक्सफर्डला डॉब्सन यांच्याकडे गेले, ओझोनच्याच कामाला लागले आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे सचिव झाले. रामनाथन निवृत्त होऊन अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले आणि तिथेही ओझोनचे काम त्यांनी नेटाने वाढवले. पुढे या आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

१९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले. पुण्याकडे राहिले ते हवामानशास्त्राचे काही विभाग आणि उपकरण विभाग. उपकरण विभागाची धुरा एस. पी. वेंकटेश्वरन यांच्याकडे होती. पंख्याच्या गतीवर चालणारी भारतीय रेडिओसाँड त्यांनी पुण्यात घडवली होती. रेडिओसाँड म्हणजे फुग्याबरोबर वर जाऊन दाब, तापमान, आर्द्रता यांचे आकडे रेडिओ-संदेशाने खाली कळवणारी छोटी पेटी. तोवर थर्मामीटर आणि बॅरोमीटरसारखी साधी उपकरणेसुद्धा परदेशातून मागवावी लागत. स्वातंत्र्य मिळाले, पण हवेचा दाब मोजायला अजून परक्यांकडे हात पसरावा लागतो, ही बोच त्या पिढीला होती.

१९४८ मध्ये ॲना मणी इथे रुजू झाल्या. जन्म त्रावणकोरमधल्या पीरमेड इथला, १९१८ चा. बंगळुरूला रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम केले होते. पदव्युत्तर पदवी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध स्वीकारला नाही. शिष्यवृत्ती घेऊन त्या लंडनला गेल्या त्या खरे तर भौतिकशास्त्र शिकायला, पण जागा होती ती हवामानाच्या उपकरणांच्या प्रशिक्षणाची. त्यांनी ती घेतली आणि आयुष्यभर तिचे सोने केले. १९५३ पर्यंत त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. शंभरएक उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले आणि ती देशातच तयार होऊ लागली. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी त्यांची धारणा होती आणि पुण्याच्या कार्यशाळेला शिस्त लागली ती या धारणेतून. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षासाठी देशभर सौर प्रारण मोजण्याचे जाळे उभारले गेले तेही त्यांच्याच देखरेखीखाली.

साठच्या दशकात मणी यांनी ओझोनकडे मोर्चा वळवला. उमकेरची पद्धत स्वस्त होती, पण तिला स्वच्छ आकाश लागते, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर ते कुठून मिळणार? शिवाय त्या पद्धतीने मिळते ते ढोबळ चित्र. पाच-पाच किलोमीटरचे जाड थर कळतात, त्यातले बारकावे कळत नाहीत. खात्रीचा उपाय एकच : मोजणारे यंत्रच वर पाठवायचे. ब्रुअर यांनी ऑक्सफर्डला अशी ओझोनसाँड तयार केली होती. तिचे तत्त्व सोपे आहे. पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात प्लॅटिनमची जाळी आणि चांदीची तार बुडवलेली असते. पंप बाहेरची हवा या पाण्यातून बुडबुडत नेतो. हवेत ओझोन असला की आयोडीन मोकळे होते आणि प्लॅटिनमच्या जाळीवर पुन्हा आयोडाइड होताना दोन इलेक्ट्रॉन घेते. ओझोनचा एक रेणू, दोन इलेक्ट्रॉन, असा हा चोख हिशेब. वाहणारी वीज मोजली की ओझोन कळला.

तत्त्व सोपे, पण करणे कठीण. वीज असते काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागांत. ओझोन हा अत्यंत क्रियाशील वायू. धातू, रबर, साधे प्लास्टिक, बोटाचा तेलकटपणा, वाटेत जे भेटेल त्याच्याशी तो संयोग पावतो आणि मोजण्याआधीच नाहीसा होतो. म्हणून पंप आणि नळ्या टेफ्लॉनच्या करायच्या, आणि उड्डाणाआधी त्यांना भरपूर ओझोन पाजून त्यांची भूक भागवून घ्यायची. फुगा स्वतः रबराचा, म्हणून साँड त्याच्यापासून लांब दोरीवर टांगायची. सेकंदाला साधारण पाच मीटर या वेगाने वर जाणारा फुगा पावणेदोन तासांत तीस किलोमीटर गाठतो. वाटेत त्याला रामनाथन यांनी दाखवलेले ते उणे ८० अंशांचे पटल ओलांडावे लागते. तिथे पाणी गोठू द्यायचे नाही. त्याहून वर दाब इतका उतरतो, की थोड्याशा उबेनेही पाणी उकळू लागते. तिथे ते उकळू द्यायचे नाही. विरळ हवेत पंपाचा जोर ओसरतो; त्याची दुरुस्ती हिशेबात धरायची. आणि फुगा फुटला की साँड कुठे तरी शेतात, रानात जाऊन पडते. म्हणजे एकेका उड्डाणाला एक नवे यंत्र, आणि दर यंत्र आधीच्या यंत्राच्या तोडीस तोड असावे लागते. हे काम एखाद्या प्रज्ञावंताच्या एकट्याच्या बळावर होत नाही. त्याला काच फुंकणारे, सुटे भाग कातणारे, विद्रावण मोजून मापून तयार करणारे, पहाटेपासून फुगा भरायला उभे राहणारे असे अनेक हात लागतात. त्यांची नावे निबंधांवर येत नाहीत. अशा स्मरणिकेत तरी त्यांची जागा राखायला हवी, असे मला मनापासून वाटते.

मणी यांच्याबरोबर हे काम सी. आर. श्रीधरन यांनी तडीस नेले. त्यांचा भारतीय ओझोनसाँडवरचा निबंध १९६८ मध्ये ब्रिटनमधल्या वैज्ञानिक उपकरणांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वतःची ओझोनसाँड बनवणारे देश तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि भारत त्यांपैकी एक ठरला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यातून उड्डाणे सुरू झाली. पुढे तिरुअनंतपुरम आणि दिल्लीही त्यात आले. साडेआठ, साडेअठरा आणि साडेअठ्ठावीस अंश अशा तीन अक्षांशांवरून भारताच्या आकाशाचा उभा छेद मिळू लागला. जोडीला श्रीनगर, दिल्ली, वाराणसी, पुणे आणि कोडाईकनाल इथली डॉब्सन उपकरणे एकूण ओझोन मोजत होती. साँडने थरांनुसार मोजलेल्या ओझोनची बेरीज डॉब्सनच्या आकड्याशी ताडून पाहायची आणि दोन्हीत फार तफावत निघाली तर ते उड्डाण बाद करायचे, असा शिरस्ता पडला.

काय दिसले या नोंदींतून? जमिनीपासून १६-१७ किलोमीटरपर्यंत ओझोन अगदी थोडा. त्यावर स्थितांबरात शिरताच तो भराभर वाढतो आणि २५-२७ किलोमीटरवर सर्वांत दाट होतो. रामनाथन आणि करंदीकर यांनी उमकेरवरून बांधलेला अंदाज प्रत्यक्ष वर जाऊन पक्का झाला. खालच्या थोड्याशा ओझोनलाही ऋतूंचा ताल आहे. मार्च ते मे या महिन्यांत रखरखीत उन्हात तो वाढतो. मोसमी वारे समुद्रावरची स्वच्छ, दमट हवा घेऊन आले की तो झपाट्याने घटतो. वरचा ओझोन आपला रक्षक आणि खालचा पिकांना व फुप्फुसांना घातक. एकच वायू, पण उंची बदलली की भूमिका बदलली. तेव्हा दोहोंची गोळाबेरीज एका आकड्यात करून भागणार कसे? शहरे वाढली, वाहने वाढली, तशी या जुन्या नोंदींची किंमतही वाढली. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००४ मध्ये दिल्ली, पुणे, तिरुअनंतपुरम इथल्या १९७२ ते २००१ या काळातल्या साँड-नोंदी तपासून तपांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या खालच्या थरातल्या, ओझोनचा दीर्घकालीन कल शोधला. भारतावर इतक्या लांब पल्ल्याचा उभा छेद दुसरीकडे कुठे उपलब्धच नव्हता.

भारतीय साँड परदेशांतल्या तुलना-चाचण्यांतही उतरली. जर्मनीतल्या होहेनपायसेनबर्गला १९७० आणि १९७८ मध्ये, कॅनडातल्या व्हॅन्स्कॉयला १९९१ मध्ये आणि १९९६ मध्ये जर्मनीतल्याच यूलिशला. यूलिशच्या चाचणीत सगळ्यांच्या साँड एकाच कोठीत ठेवून वर चढताना लागणारा दाब आणि तापमान कृत्रिमपणे निर्माण केले गेले. तिथे आपल्या साँडच्या वाचनांत अमेरिकी बनावटीच्या साँडपेक्षा एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाताना अधिक फरक आढळला. हे लपवण्याचे कारण नाही. हाताने, मोजक्या संख्येने बनवलेल्या यंत्रांत तसे होणारच. त्यामुळे या नोंदी कुचकामी ठरत नाहीत. त्या वापरताना प्रत्येक उड्डाण तपासून घ्यावे लागते, इतकेच. ज्यांच्याकडे त्या काळचे काहीच मोजमाप नाही, त्यांच्यापेक्षा आपली स्थिती कितीतरी बरी.

१९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोन-विवराची बातमी दिली आणि जग हादरले. भारताचे दक्षिण गंगोत्री हे ठाणे तेव्हा तिथे उभे होते. पुण्यात बनलेल्या साँड तिथल्या बर्फावरून आणि पुढे मैत्री ठाण्यावरूनही सोडल्या गेल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात ओझोन जवळजवळ नाहीसा झालेला त्यांनी टिपला. एकूण ओझोन घटल्याचे जमिनीवरून आणि उपग्रहावरून कळत होते. कोणत्या थरातून तो खरवडला गेला, हे फुग्यांनी सांगितले. क्लोरीनची विध्वंसक प्रक्रिया ज्या अतिथंड ढगांच्या पृष्ठभागावर सुरू होते, ते ढग याच उंचीवर असतात.

ओझोनखेरीज बाकीच्या वायूंकडेही पुण्याचे लक्ष होते. जागतिक हवामान संघटनेच्या योजनेनुसार सत्तरच्या दशकात विभागाने पार्श्वभूमी प्रदूषण मोजणारी दहा केंद्रे उभारली. त्यांत पुणे आणि नागपूर आहेत. पावसाच्या पाण्याचे नमुने ठिकठिकाणाहून पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासणीला येत. १९६२ मध्ये विभागाच्याच कुशीत जन्मलेली आणि १९७१ मध्ये स्वायत्त झालेली पाषाणची संस्था २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने बाटल्यांत भरून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजते आहे. गोव्यातल्या काब द रामाच्या कड्यावर अहमदाबादच्या प्रयोगशाळेने ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर १९९३ मध्ये असेच नमुने घ्यायला सुरुवात केली होती. तिथे पावसाळ्यात दक्षिण हिंदी महासागरावरची हवा येते आणि हिवाळ्यात उपखंडावरून वाहत आलेली. दोन्हीतला फरक नमुन्यांत ठसठशीत दिसतो. किनाऱ्यावरचा कडा, सह्याद्रीचा माथा आणि फुग्याची वाट यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की पश्चिम भारतावरच्या हवेचा तळापासून माथ्यापर्यंतचा पट आपल्यासमोर उलगडतो.

ॲना मणी १९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. उपग्रह आता दररोज साऱ्या पृथ्वीवरचा ओझोन मोजतात. तरी तपांबराच्या खालच्या थरांत त्यांची नजर अंधुक होते आणि त्यांचे आकडे खरे की खोटे हे ताडायला फुग्याचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून दोन गोष्टींची विनंती विभागाच्या आजच्या धुरीणांना करावीशी वाटते. पुण्याची जुनी उड्डाणे, त्यांच्या मूळ तक्त्यांसह आणि प्रत्येक साँडच्या पूर्वतपासणीच्या नोंदींसह, आजच्या निकषांवर पुन्हा तपासून एकसंध मालिका म्हणून सर्व अभ्यासकांना खुली करावी. आणि उड्डाणांत खंड पडू देऊ नये. आज न सोडलेला फुगा उद्या सोडून आजची हवा मोजता येत नाही.